फळ्यांकडचा फिल्टर

धाकटी डहाणू,
मे अखेर

चि. भाच्यास,


झाईला बोट वर ओढायची गडबड सुरू असेल. १ जूनला मासेमारीबंदी लागते, ३१ जुलैला उठते, तेव्हा इंजिनाचं ऑईल आणि फिल्टर जुलैत सावकाश बदलू, असं तू फोनवर म्हणालास. जुलैची वाट पाहू नकोस. डिझेल जळताना आम्ल तयार होतं, पाण्याचा अंशही असतो, आणि दोन्ही ऑईलमध्ये उतरतात. तसलं ऑईल पावसाळाभर चेंबरमध्ये राहिलं तर इंजिन बंद असूनही बेअरिंग खराब होतात. आत्ताच बदल, नव्या ऑईलवर इंजिन थोडा वेळ फिरव आणि मगच झाकून ठेव.

तुझी खरी अडचण फिल्टरची आहे. तो इंजिनाच्या आणि बोटीच्या फळ्यांच्या मधे आहे. हात आत घातला की दिसत नाही, डोकं घातलं की हात पोचत नाही. म्हणूनच पुष्कळजण ऑईल नवं भरतात आणि फिल्टर तोच ठेवतात. आतला कागद चोंदला तरी इंजिन थांबत नाही. फिल्टरमधली झडप उघडते आणि ऑईल न गाळता तसंच पुढे जातं. ती सोय इंजिन कोरडं पडू नये म्हणून आहे, पण त्या वेळी ऑईलच्या दाबाच्या गेजचा काटा फारसं काही बोलत नाही. खोल पाण्यात मशीन बसलं तर काय होतं ते तुझ्या आईला विचार, किनाऱ्यावर वाट पाहणं तिला ठाऊक आहे.

इंजिन कोमट असताना काम कर. गरम असताना हात भाजतो, थंड झालं की ऑईल घट्ट होऊन तळाला राहतं. बोटीत चेंबरखाली भांडं सरकवायला जागा नसते, म्हणून हातपंपाची नळी डिपस्टिकच्या भोकातून सोड आणि ऑईल थेट कॅनमध्ये ओढ. मग फिल्टर. वरून वाकून उलट्या हाताने धरला की डावं-उजवं हमखास फसतं, त्यामुळे सुटायच्या दिशेचा बाण आधीच रंगाने फिल्टरच्या डब्यावर काढ. हाताने हलत नसेल तर पट्ट्याचा पाना लाव. पट्टा घसरला तर खाली पॉलिश पेपर गुंडाळ. स्क्रू-ड्रायव्हर आरपार घालून पिळायला कोणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. पत्रा फाटला की धरायला काहीच उरत नाही आणि ऑईल वाहतं ते वेगळंच. फिल्टर थोडा ढिला झाला की जाड प्लास्टिकची पिशवी खालून चढव आणि पिशवीतच तो पूर्ण सोडव.

आता बोटाने चाचपून बघ, जुनी रबरी रिंग बैठकीला चिकटून राहिली आहे का. जुनीवर नवी बसली तर इंजिन सुरू होताच दाबाने सगळं ऑईल बाहेर येतं. नव्या रिंगला ऑईलचं बोट फिरव, रिंग टेकेपर्यंत हाताने बसव आणि पुढे डब्यावर लिहिलं असेल तेवढंच आवळ. बहुतेकांवर पाऊण फेरा असतो. आवळताना पाना नको. नवं ऑईल भरून इंजिन चालू केलंस की गेजचा काटा काही सेकंदांत वर चढला पाहिजे, नाहीतर लगेच बंद कर. डब्यावर तारीख आणि इंजिनाचे तास लिही.

पिशवीबद्दल मी इतका आग्रह का धरतो ते सांगतो. सांडलेलं ऑईल बोटीच्या तळाच्या पाण्यात जातं, ते पाणी पंपाने खाडीत. खाडीच्या चिखलातच आपल्या बायका शिंपल्या वेचतात. १९९१ साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९८ मध्ये इथल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने वाढवणला बंदर नाकारलं, तेव्हा आपल्या किनाऱ्याला केवढा धीर आला होता. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजनही झालं. समुद्र वाचवा म्हणून आपण रस्त्यावर बसलो आणि पुन्हा बसू. माझ्या मते असं रस्त्यावर बसणाऱ्या माणसाच्या बोटीतून काळा तवंग निघता कामा नये. सरकारी कागदातही वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. जळकं ऑईल लाकडाला चोपडलं तरी भरतीबरोबर ते पाण्यातच उतरतं, तेही करू नकोस.

जुना फिल्टर भोक खाली करून रात्रभर रिकाम्या डब्यावर निथळत ठेव आणि निथळलेलं कॅनमध्ये ओत. पुनर्प्रक्रियेसाठी ऑईल उचलणाऱ्यालाच कॅन द्यायचा. माझाही भरत आला आहे, पुढच्या आठवड्यात मी बोर्डीला येतो आहे. टेम्पो बोलावून दोन्ही एकदमच पाठवू. झाकणाखाली प्लास्टिक घालून कॅन घट्ट बंद कर.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा