दोनशेचे शंभर, शंभरचे पन्नास

मार्च 2000 मध्ये इन्फोसिसच्या शेअरवरून माझा आणि दादाचा कडाक्याचा वाद झाला. त्यात माझीच बाजू खरी होती, असं मी पुढची पाच वर्षं धरून चाललो होतो. आज मी ते म्हणणार नाही, आणि ते मागे घेताना ताईबद्दलही लिहायला हवं.

दादाचं आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात ताळेबंद वाचण्यात गेलेलं. तो म्हणाला, "अरे, कंपनीचा वर्षाचा नफा तीनशे कोटींच्या आत, आणि बाजार तिचं मोल करतोय साठ हजार कोटींच्या आसपास. म्हणजे आजच्या नफ्याची दोनशे वर्षं! सन 2000 साठी संगणक दुरुस्त करायचं वायटूकेचं काम संपलं, आता हे सगळं आटणार." मी कागद ओढला. नफा एका वर्षात दुप्पट झाला होता. तसाच होत राहिला तर दोनशेचे शंभर, शंभरचे पन्नास, पन्नासचे पंचवीस. तीन वर्षांत हाच भाव रास्त वाटेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं. ताई शेजारी बसून ऐकत होती. आठवड्याभरात तिने मुदत ठेव मोडली आणि शेअर घेतले; मीही घेतले.

दादाचं भाकीत साफ चुकलं. पुढच्याच वर्षी कंपनीचं उत्पन्न 882 कोटींवरून 1,900 कोटींवर गेलं, नफाही दुपटीहून वाढला. माझ्या कागदावरची पहिली पायरी तंतोतंत खरी ठरली. तरी मार्च 2001 अखेर कंपनीचं बाजारमूल्य निम्म्याहून खाली, सत्तावीस हजार कोटींच्या आसपास आलं होतं. मी सगळ्यांना सांगत सुटलो, कंपनी उत्तम आहे, बाजाराचंच डोकं फिरलंय, थांबा. ताईला थांबता येत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात भाचीची मेडिकलची फी भरायची होती. तिने मिळेल त्या भावाला शेअर विकले.

माझे मी ठेवले. माझं मत बदललं ते 2005 चा वार्षिक अहवाल हातात आला तेव्हा. मधे बोनस शेअर मिळाल्यामुळे नुसत्या भावाची तुलना फसवी ठरली असती, म्हणून मी एकूण बाजारमूल्यच पाहिलं: सुमारे एकसष्ट हजार कोटी. मार्च 2000 अखेर ते एकोणसाठ हजारांच्या वर होतं. म्हणजे जवळजवळ तिथेच. आणि या पाच वर्षांत नफा अठराशे कोटींच्या पुढे, सहा पटींहून जास्त. कर्मचारी पाच हजारांवरून छत्तीस हजारांवर.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कंपनीने काही कमी केलं नव्हतं. ही सहापट वाढ, आणि तीही पुरेशी न पडण्याइतकी जास्त, मी आणि ताईने पहिल्याच दिवशी पैसे मोजून विकत घेतली होती. वाढ होईल की नाही यावरच आम्ही दोघं भाऊ घसा फोडत होतो. या भावात किती वाढ आधीच धरली आहे, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि मी माणसांचा हिशेब तर केलाच नव्हता. सॉफ्टवेअर सेवेच्या धंद्यात उत्पन्न दुप्पट करायचं तर जवळजवळ दुप्पट इंजिनिअर लागतात. ते निवडायचे, शिकवायचे, अमेरिकेतल्या ग्राहकांकडून त्यांना पुरेल एवढं काम आणायचं. हे दरवर्षी दुप्पट कसं होणार? 2001-02 मध्येच नफ्याची वाढ तीस टक्क्यांच्या आत आली. एरवी कुठल्याही कंपनीने पेढे वाटावेत अशी ती वाढ, पण दोनशेचे शंभर करायला ती पुरत नाही.

याच कंपनीने 1993 मध्ये 95 रुपयांना शेअर विकायला काढले, तेव्हा ते पूर्ण खपलेही नव्हते. ते घेऊन ठेवणाऱ्यांचं कोटकल्याण झालं. कंपनी तीच, माणसं तीच, वाढही तीच. त्यांनी मोजलेले पैसे वेगळे होते.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला, मग ताईकडे गेलो. तिला आकडे दाखवले आणि म्हटलं, "ताई, बाजार नाही, मी चुकलो होतो." तिने कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "मग तेव्हा किती भावाला घ्यायला हवे होते?" ते गणित आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा मांडलं.