कृष्णेचा उतार

वाईपासून समुद्र किती लांब? नकाशावर पश्चिमेकडे बोट सरकवलं तर शंभर किलोमीटरच्या आत अरबी समुद्र लागतो. कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ करून निघते आणि जवळपास १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. पठार पूर्वेकडे कललेलं आहे म्हणून नद्या पूर्ववाहिनी, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. मला ते खऱ्या अर्थाने पटवलं माझ्या मांड्यांनी, वाई आणि लिंबच्या दरम्यान कुठेतरी, सायकलवर.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. एवढी उंची नदीला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत पुरवायची आहे. भागाकार केला तर किलोमीटरमागे सरासरी अर्धा मीटर येतो. जेमतेम गुडघाभर. गाडीत बसलेल्या माणसाला हा उतार जन्मात कळणार नाही. डोळ्यालाही तो दिसत नाही. रस्ता ताटासारखा सपाट वाटतो. पण सकाळी वाईहून खाली निघालं की पायडल हलकं लागतं, उगाचच गाणं सुचतं, आपण आज फार जोमात आहोत असा गोड गैरसमज होतो. दुपारी त्याच रस्त्याने परत फिरलं की तोच रस्ता हळूच मागे ओढू लागतो. वारा नाही, चढ दिसत नाही, तरी गिअर एक-एक करून उतरवावे लागतात. तेव्हा समजतं की सकाळचा जोम आपला नव्हता, नदीचा होता.

कृष्णेच्या या खोऱ्यात सायकल चालवायची तर मुक्काम वाईत ठेवावा. पुण्याहून सातारच्या हमरस्त्याने येणारे लांब पल्ल्याचे सायकलस्वार इथून नुसते पुढे निघून जातात. त्यांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि मनगटावरचं घड्याळ वाईकडे वळू देत नाही. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार. पण खोरं हे वेळेत संपवायचं प्रकरण नाही. सुरूर फाट्यावर हमरस्ता सोडला की वाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुने वड भेटतात. त्यांच्या सावलीत शिरताक्षणी घामावर गार हात फिरतो. मोटारीला हे वड दोन-चार मिनिटांत उरकतात. सायकलला ते एकेक करून भेटतात. कुणाच्या पारंब्या जमिनीला टेकल्यात, कुणाच्या बुंध्याला शेंदूर लागलाय, हे पाहायला सवड मिळते.

वाईत घाटावर यावं ते उजाडताना. हिवाळ्यात पाण्यावर धुकं पातळ दुधासारखं पसरलेलं असतं आणि ढोल्या गणपतीचं मंदिर त्यातून वर येतं. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ साली बांधलं. लोक समोरून दर्शन घेतात आणि मूर्तीच्या आकाराने चकित होऊन परततात. मला त्या देवळाची पाठ जास्त आवडते. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. नदीचा उतार पावसाळ्यात काय करू शकतो हे ठाऊक असलेल्या माणसांनी हे बांधकाम केलंय. त्यांनी पाण्याला अडवलं नाही, वाट करून दिली.

वाईहून वरच्या अंगाला निघालं की थोड्याच वेळात मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे नदीकडे उतरणारा अर्धचंद्राकार घाट, आणि घाटावर ती पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. समुद्राकाठची घंटा सह्याद्री चढून नदीकाठी आली. किती बैल लागले असतील, कुठल्या घाटाने आणली असेल, असे प्रश्न सायकलवाल्यालाच पडतात. ‘स्वदेस’ सिनेमात हा घाट पाहिलेले लोक मोबाइल घेऊन येतात, पायऱ्यांवर बसून फोटो काढतात आणि निघून जातात. पायऱ्या मात्र मोजून-मापून पाण्याकडे उतरत राहतात. नदी आटली तरी आणि चढली तरी माणसाला पाण्यापर्यंत पोचता यावं, एवढंच त्यांचं काम.

पुढे धोम. धरणाच्या भिंतीपाशी रस्ता अंगावर येतो आणि मग एकदम उजव्या-डाव्या बाजूंनी पाणीच पाणी, डोंगरांच्या पायांत शिरलेलं. इथून जोर गावाच्या दिशेने जाणारा रस्ता पाण्याशी सलगी करत नाही, डोंगराच्या अंगाने जातो. प्रत्येक ओढ्यापाशी खाली, प्रत्येक सोंडेवर वर. दम जमतो न जमतो तोच पुढची सोंड. अशा रस्त्यावर सरासरी वेग काढू नये, मन खट्टू होतं. त्यापेक्षा कमळगड कुठल्या वळणावर कसा दिसतो ते पाहावं.

धोमजवळच्या एका टपरीवर चहाला थांबलो होतो. चहा गाळता गाळता मावशींनी विचारलं, “कुठनं आलासा?”

“पुण्यावरनं, मावशी. काल वाईत मुक्काम होता.”

“आन् सायकलवर? येष्ट्या बंद हायेत व्हय?”

“नाही हो, हौस म्हणून.”

“हौसंला मोल न्हाई,” त्या म्हणाल्या आणि बाटलीकडे बोट दाखवलं. “पानी भरून घ्या. पुढं नुसता चढ हाय.”

बाटली त्यांनीच भरून दिली.

लिंबकडचा रस्ता याच्या उलट. वाईहून बावधन, पाचवड, मग आतल्या गावांतून. दोन्ही बाजूंना ऊस, त्याच्या तुऱ्यांवर तिरकं ऊन, मध्ये हळदीची रानं. हळद शिजवायच्या दिवसांत एखाद्या वस्तीवरून असा कडवट-मातकट वास येतो की सायकल आपोआप सावकाश होते. ऊसतोडीचे दिवस असतील तर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत येतात. त्यांना वाट देण्यासाठी साइडपट्टीच्या मुरमात उतरावं लागतं आणि कांड्या पडलेल्या असतात त्या चुकवाव्या लागतात. बावधनला रंगपंचमीच्या दिवशी बगाड, म्हणजे यात्रेचा लाकडी गाडा, निघतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत शेकडो माणसांच्या गलक्यात बैल ते ओढत आणतात, नदीच्या पातळीवरून वर. तो शेतांमधला चढ एरवी लक्षातही येत नाही, बैलांना विचारावा.

लिंबची बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली. अष्टकोनी, आत जिन्याने उतरता येणारी, वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. खाली पाण्यापाशी उभं राहिलं की वर आभाळाचा तुकडा दिसतो आणि मोटांच्या दगडी जागा. नदी एवढ्या जवळ असून ही खटपट कशाला? कारण नदी खाली आहे आणि शेतं वर. काठावरच्या गावांचं सगळं गणित या काही हातांच्या फरकावर चालत आलंय. आधी मोटा, मग इंजिनं, आता विजेचे पंप. धोमच्या कालव्यांनी तो फरक दुसऱ्या रीतीने मिटवला: पाणी वरच अडवायचं आणि डोंगराच्या कुशीने, अगदी नकळत उतरवत, शेतांच्या डोक्यावरून न्यायचं. कालव्याकडेची वाट मिळाली तर सोडू नये. तिच्यावर कित्येक किलोमीटर ना चढ लागतो ना उतार. इंजिनिअरने लेव्हल लावून आखलेली ती रेघ असते आणि चाकाला ती लगेच ओळखू येते.

आतापर्यंत सांगितल्या त्या वाटा नदीच्या सोबतीने जाणाऱ्या, उभ्या. खोऱ्याला आडव्या जाणाऱ्या वाटा वेगळ्या जातीच्या. वाईतून पसरणीचा घाट धरला की दहा-बारा किलोमीटरमध्ये पाचगणीच्या १३०० मीटरपर्यंत जावं लागतं. किलोमीटरला पन्नास मीटर, म्हणजे नदीच्या सरासरी उताराच्या शंभरपट. इथे गाणं वगैरे सुचत नाही. माकडं कठड्यावर बसून पाहत राहतात. वळणावर थांबून खाली बघितलं की धोमचं पाणी, पांडवगड आणि सकाळी ज्या रस्त्याने आपण मोठ्या ऐटीत गेलो तो दोरा, सगळं एका नजरेत येतं.

दुसरी आडवी वाट खंबाटकीची. पलीकडे नीरेचं खोरं, अलीकडे कृष्णेचं. या धारेवर पडलेले दोन थेंब वेगळे झाले की एक नीरेतून भीमेत जातो, दुसरा कृष्णेतून सांगलीकडे, आणि कर्नाटकात रायचूरच्या बाजूला भीमा कृष्णेला मिळते तेव्हा ते पुन्हा एकाच पात्रात येतात. माणसाला मात्र एवढी वाट पाहवली नाही. धोम-बलकवडी प्रकल्पाचं पाणी त्याने डोंगराच्या पोटातून बोगद्याने खंडाळ्याच्या दुष्काळी बाजूला नेलं. वरून रस्ता खोरं ओलांडतो, खालून पाणी. खंबाटकी चढताना ट्रकच्या धुरात खोकत मी हे आठवतो आणि जरा बरं वाटतं: निदान आपण त्याच दिशेने धडपडतोय.

काठाने फिरून नदी ओळखीची होते हे खरं. पण नदी अशीच का वाहते, गावं इथेच का वसली, ऊस कुठवर आणि कुठून पुढे ज्वारी, हे खिंड ओलांडल्याशिवाय उमगत नाही. म्हणून वाईला येणाऱ्या सायकलवाल्या मित्रांना मी सांगतो: पहिला दिवस धोम, दुसरा लिंब, आणि पाय शिल्लक असतील तर तिसऱ्या दिवशी पसरणी. बहुतेक जण तिसऱ्या दिवशी मिसळ खाऊन घरी जातात. जे वर जातात ते पाचगणीला पोचल्यावर मला फोन करतात, शिव्या देतात, आणि पुढच्या खेपेला मेढ्याकडे वेण्णेच्या खोऱ्यात कुठून उतरायचं ते विचारतात.