रामटेकची अवकाळी दुपार

फाल्गुनातील नागपूरचे हवामान बेभरवशाचे असते. पहाटे अंगावर चादर हवीशी वाटते, दुपारी पारा ३८ अंशांकडे सरकतो आणि एखाद्या दिवशी आभाळ अचानक भरून येऊन गारा पडतात. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा आणि वायव्येकडची कोरडी हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडतात. खाली जमीन तापलेली असली, की काही तासांतच वादळी ढग उभे राहतात. विदर्भातील संत्रा बागायतदार या गारपिटीला चांगला ओळखून असतो. वृद्ध शरीराचीही ती परीक्षा पाहते, हे मला एका रविवारी रामटेकला नव्याने उमगले.

आमच्या वस्तीतील ज्येष्ठ नागरिक मंडळाने मार्चमध्ये ही सहल काढली होती. चोवीस ज्येष्ठ, बारा महाविद्यालयीन स्वयंसेवक आणि सोबत डॉक्टर म्हणून मी. काही घरांतून ‘या दिवसांत कशाला?’ असा विरोध झाला होता. त्यांना मी स्वतः शब्द दिला होता. टोप्या, छत्र्या, जलसंजीवनीची पाकिटे, पन्हे अशी उन्हाची सारी तयारी केली. दोन आजींनी शाली घेतल्या होत्या, त्या मात्र मी हसून घरीच ठेवायला लावल्या.

सकाळी सातला निघालो. कामठी, कन्हान मागे पडले. मनसरच्या आसपास पानगळ झालेल्या रानात पळस पेटल्यासारखा फुलला होता. नागपूरपासून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. गाडी गडावर मंदिराजवळपर्यंत जाते, तरी काही पायऱ्या चढाव्याच लागतात. प्रत्येक दहा पायऱ्यांनंतर थांबायचे, असे आम्ही ठरवले होते. मुलांनी तो नियम इतक्या सहजपणे पाळला, की आपल्यासाठी कोणी थांबते आहे असे कोणालाही वाटले नाही. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. गडावरील कालिदास स्मारक पाहण्याचा बेत आम्ही ऊन उतरल्यावरचा ठेवला आणि जेवणासाठी गावातील एका सभागृहात आलो.

जेवणानंतर पंचाहत्तरीचे एक काका उभे राहताच डगमगले. बसल्या स्थितीत त्यांचा वरचा रक्तदाब १२४ होता, उभे केल्यावर तो ९८ वर आला. जीभ कोरडी पडली होती. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे घेतली होती. स्वयंसेवकाने दिलेली पाण्याची बाटली मात्र जशीच्या तशी भरलेली.

“काका, पाणी का प्यायला नाहीत?”

त्यांनी आवाज खाली आणला. “पाणी पेलो की घडीघडी जा लागते, डॉक्टर साहेब. अनोळखी गावात कुठं जाऊ?”

पाण्याची सोय आम्ही चोख केली होती; शौचालय कुठे आहे, हे सांगायला आम्ही विसरलो होतो. वयोमानाने तहानेची जाणीव आधीच मंदावते, त्यात ही चिंता असली की माणूस मुद्दाम कोरडा राहतो. काकांना आडवे करून पाय उंच ठेवले, जलसंजीवनी घोटाघोटाने दिली. तासाभरात त्यांना बरे वाटले.

तोवर तीन वाजले होते. आठ जण मुलांबरोबर अंबाळा तलावाकडे गेले होते. वारा उठला, काळोखून आले आणि विजांसह गारा कोसळू लागल्या. मुलांनी कोणालाही झाडाखाली थांबू दिले नाही. सगळ्यांना गाडीत बसवून परत आणले. तरीही गाडीपर्यंत पोहोचताना सारे चिंब भिजले होते. दुपारी घामाने त्रासलेली माणसे आता कुडकुडत होती. वृद्ध शरीर उष्णतेशी सावकाश जुळवून घेते, तसेच थंडीशीही. मला घरी ठेवायला लावलेल्या त्या शाली आठवल्या. मुलांनी आपले कोरडे सदरे आणि दुपट्टे काढून दिले, सभागृहातील सतरंज्या अंगावर घातल्या, गरम चहा आला. स्मारकाचा बेत मी रद्द केला. त्यावर शाल ठेवून आलेल्या आजी म्हणाल्या, “कालिदासाचा मेघ आषाढातला होता, डॉक्टर. आमचा फाल्गुनातच आला.”

सगळे सुखरूप घरी पोहोचले. तरीही त्या रात्री मी पुढच्या सहलीसाठी काही गोष्टी लिहून ठेवल्या. आपल्याही उपयोगी पडतील म्हणून देतो.

निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहावा. विजांच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ हे अ‍ॅप आहे. कोठेही पोहोचताच प्रथम शौचालय दाखवावे, पाणी नंतर द्यावे. टोपीसोबत शाल आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड असावा. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलायची का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे आणि जलसंजीवनीचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. बोलण्यात असंबद्धता, वाढती गुंगी, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आठवड्याने काका दवाखान्यात आले. रक्तदाब ठीक होता. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, “स्मारक राहून गेलं. पुन्हा कधी नेता?” त्यांच्या सूनबाई सोबत होत्या. सहलीला सर्वांत जास्त विरोध त्यांचाच होता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “या वेळी मीही येते. शाली मी घेईन.”