चालु आणि चालू

सकाळी साडेनऊला आमच्या गल्लीत दोन आवाज असतात. एक मागांचा. तो रात्रंदिवस असतो, म्हणून ऐकू येत नाही. थांबला की मात्र लगेच कळतो. दुसरा आवाज अंगणवाडीच्या दारात आईच्या पदराला लोंबकळणाऱ्या पोरांचा. जूनमध्ये हा दुसरा आवाज पहिल्याला मागे टाकतो.

भिवंडीत कामतघर-पद्मानगर म्हणजे तेलुगू मुलूख. करीमनगर, वरंगल, नलगोंड्याकडून आलेले पद्मशाली विणकर इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुणी मागाचा मालक झाला, कुणी अजून दुसऱ्याच्या मागावर उभा आहे. आमच्या समोरच्या भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते. निवृत्त झाल्यापासून मी रोज तासभर तिथे जाऊन बसते. ताईंना रजिस्टरं भरायला मदत करते, असं घरी सांगते. खरं म्हणजे पोरांची गंमत बघायला जाते.

यंदा जूनमध्ये साडेतीन वर्षांची एक पोर आली. उगादीनंतर आईबापांबरोबर करीमनगरकडच्या खेड्यातून आलेली. तिकडे आजी ओसरीवर विड्या वळायची आणि ही शेजारी पानांचा पसारा मांडून बसायची. इथे एक खोली. बाप बारा तासांच्या पाळीवर, आई घरात कांड्या भरत बसलेली. नाव विचारलं तर आई आधी म्हणाली, “पाप.” तेलुगूत पाप म्हणजे लहान मुलगी, आपल्याकडच्या बाळीसारखं. शेवटचा ‘प’ ती पुरा उच्चारते, त्यामुळे आपल्या कानाला ते पापा वाटतं. आमच्या मदतनीस मावशी आगरी. त्यांनी पापा ऐकलं, “दे गो बाय,” म्हणत आपला गाल पुढे केला, आणि पोरीने जे भोकाड पसरलं ते तीन दिवस आवरलं नाही.

त्या तीन दिवसांत तिच्या तोंडी एकच वाक्य होतं. “इंटिकि पोदाम्.” घरी जाऊ या. दाराला, खिडकीला, वजनकाट्याला, भिंतीवरच्या आंब्या-फणसाच्या चित्रांना, सगळ्यांना ती तेवढंच सांगत होती. कुठलं घर, हे मला बरेच दिवस कळलं नाही. कांड्यांचं की विड्यांचं?

माझ्या भाचीचा मुलगा जर्मनीत बालवाडीत जातो. तिथे बऱ्याच ठिकाणी रीत अशी, की पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी वर्गातच कोपऱ्यात बसून राहायचं. मूल खेळो, रडो, मांडीवर येऊन बसो. चौथ्या दिवशी आईने थोडा वेळ बाहेर जाऊन बघायचं. मूल बाईंच्या कुशीत शांत झालं तर ठीक, नाहीतर मुक्काम वाढवायचा. फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला मुलांची बाग असं नाव दिलं, त्याच देशाला शोभेलशी ही माळीकामाची सबुरी. भाची फोनवर तक्रार करत होती, की दोन आठवडे रजा गेली. मी काही बोलले नाही. इकडे पोरीची आई पहिल्या दिवशी खिडकीच्या गजांआड वीस मिनिटं उभी राहिली होती. त्या वीस मिनिटांत किती कांड्या बुडाल्या, याचा हिशेब तिच्या बोटांवर चालला होता, आणि डोळे आत.

परदेश या शब्दाचं आपल्याकडे मोठं गमतीचं आहे. जुन्या मराठीत परदेशी म्हणजे साहेब नव्हे, उत्तरेकडचा माणूस. ते आडनाव लावणारी घरं अजून आहेत. भिवंडीतला मागवाला सुट्टीवर निघाला की ‘मुलूक’ला जातो, म्हणजे राहतो तो मुलूख नव्हेच. पासपोर्ट लागत नाही एवढाच फरक. साडेतीन वर्षांच्या माणसाला तर आईचा हात सुटला तिथून परदेश सुरू होतो.

दुसऱ्या आठवड्यात ती बोलायला लागली आणि खरा गोंधळ उडाला. एके दिवशी खिचडीच्या आधी ती “पालु, पालु” म्हणू लागली. झालं! सगळी पोरं भिंतीकडे बघायला लागली, मावशींनी केरसुणी उचलली, कपाट सरकवलं. तिथे पाच वर्षांचा एक तेलुगू पोरगा आहे, अंगणवाडीचा मानद दुभाषी. त्याला ठाऊक होतं की पालु म्हणजे दूध. पण पालीची शिकार बघायला मिळत असताना शब्दकोश कोण उघडतो? तो मुकाट बसला.

त्याहून वाईट खिचडीचं झालं. मावशींनी एक डाव वाढला, पोर म्हणाली, “चालु.” तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आमच्या गावात माग चालू, लाईट चालू, रस्त्याचं काम तर कायमच चालू. मावशींनी दुसरा डाव वाढला. “चालु, चालु!” तिसरा. पोरगी ओरडत गेली तशी मावशींची माया वाढत गेली, आणि ताटलीत डोंगर झाल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या दिवशी मला मध्ये पडावं लागलं. मावशी ओशाळल्या. “आता मला काय ठावं,” म्हणाल्या, आणि तिच्या ताटलीतली खिचडी आपल्या ताटलीत घेऊन खात बसल्या.

अंगणवाडी हा शब्द आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला, हे भिवंडीत कुणाला सांगितलं तर पटत नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, तेव्हा बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. ताराबाई स्वतः त्याआधी भावनगरला गिजुभाईंकडे गुजरातीत काम करून आलेल्या. परक्या भाषेत उभं राहताना जीभ कशी जड होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारी योजना आली आणि शब्द देशभर गेला. आमच्या खोलीला अंगण नाही. दोन कारखान्यांच्या भिंतींमधली बोळ आहे, तिथे चपला काढतात.

पोरीचा खरा आवाज मी ऐकला तो एका शुक्रवारी. शुक्रवारी माग बंद. गल्ली एकदम मोकळी झाल्यासारखी वाटते, कावळेसुद्धा ऐकू येतात. ती कोपऱ्यात ठोकळ्यांशी बोलत होती. घोगरा, मोठ्या बाईसारखा आवाज, बहुधा आजीचा. विड्यांचे कट्टे बांधावेत तसे ठोकळे सुतळीने बांधत होती आणि कुणाला तरी दटावत होती. इतके दिवस ती रोज बोलत असणार. मागांपुढे कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. पुढे सप्टेंबरात अशाच एका शुक्रवारी ती दारात येऊन वर-खाली बघत राहिली. दुभाष्याने सांगितलं, ती विचारतेय, आवाज कुठे गेला?

नवरात्रात ताईंनी भोंडला धरला. पाटीवर खडूने हत्ती काढला, पाटी चौरंगावर ठेवली, पोरांचा फेर केला. आदल्या संध्याकाळी पोरीच्या चाळीत बतुकम्मा झाली होती. तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू. त्यांच्या फुलांचा ताटात मनोरा रचतात आणि बायका त्याभोवती वाकून टाळ्या वाजवत फिरतात. पोरीने हत्ती बघितला, फेर बघितला, दोन्हीकडचे हात सोडले, आणि वाकून टाळी दिली. फेर तुटला. ताईंनी दोनदा हात जुळवून दिले, तिने दोनदा सोडले. तिसऱ्या फेरीला तिच्या मागचा उत्तर प्रदेशचा पोरगा वाकला, मग त्याच्या मागची आगरी पोर. हत्तीला काय, तो तरवडाच्या फुलांनाही चालला असता.

खिरापत शिऱ्याची होती. सगळी ओळीने बसली. मावशींनी तिच्या ताटलीत एक डाव घातला.

“चालू,” ती म्हणाली.

मावशींचा हात हवेतच थांबला. एव्हाना त्या शिकल्या होत्या. पण ताटली पुढेच होती.