चार-एक

१९९३ सालच्या ३ जुलैला याना नोव्होत्नाने विम्बल्डन जिंकले, असे मी सुमारे दहा तास मानत होते. टेनिसची माहिती असणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. त्या दिवशी ती जिंकली नाही, आणि ज्या तऱ्हेने जिंकली नाही ती तऱ्हा आजही टेनिसच्या गप्पांत निघते. पण ते दहा तास माझ्यापुरते खरे होते. त्या वेळी झालेल्या आनंदाचे काय करायचे, हा प्रश्न मला गेली तीसेक वर्षे पडलेला आहे, आणि पुढे मराठी समीक्षा शिकवण्याचा व्यवसाय पत्करल्यामुळे तो सुटण्याऐवजी अधिकच गुंतला आहे.

आम्ही तेव्हा अंबरनाथला राहत होतो. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. आमच्या भागात क्रिकेट होते, कॅरम होता, पावसाळ्यात चिखलातला फुटबॉल होता. पण टेनिस कोणी खेळत नव्हते आणि खेळावे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. रॅकेट मी आजतागायत हातात धरलेली नाही. टेनिस आमच्याकडे आले ते थेट उल्हासनगरच्या एका दुकानातून, हप्त्यांवर घेतलेल्या रंगीत टीव्हीच्या खोक्यातून. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा असतो, हा विनोद वाचकांना ठाऊक असेलच. आमच्या टीव्हीचे नावही असेच काहीतरी परदेशी वळणाचे होते. मात्र तो वीस वर्षे चालला, हेही सांगितले पाहिजे.

त्या दुकानाचे मालक लहानपणी सिंधमधून आलेले, कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत वाढलेले गृहस्थ होते. १९४९ मध्ये त्या निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या काकांची आवडती खेळाडू मार्टिना नवरातिलोव्हा. ती १९७५ मध्ये, अठराव्या वर्षी, चेकोस्लोव्हाकिया सोडून अमेरिकेत राहिली होती आणि त्यानंतर थेट १९८६ मध्ये अमेरिकेच्या संघातून प्रागला खेळायला गेली. काकांना तिच्या व्हॉलीशी फारसे कर्तव्य नव्हते. "घर छोड के आई है," एवढेच ते म्हणत, आणि तेवढ्यावर त्यांची भक्ती उभी होती. स्वतः ते परत कधी गेले नाहीत.

बाबांची आवड अगदी वेगळ्या कारणाने जडलेली होती. त्यांना नेटपाशी धावत येणारे खेळाडू आवडत. एडबर्ग आवडे, नवरातिलोव्हा आवडे आणि ती उतरणीला लागल्यावर नोव्होत्ना. "ही पुढे येते," असे ते म्हणत. सर्व्हिस करून जो पुढे धावतो त्याच्या डोक्यावरून चेंडू जाऊ शकतो, बाजूने जाऊ शकतो, पायांतून जाऊ शकतो; हे माहीत असूनही तो धावतो. मागे बेसलाइनवर उभे राहून चेंडू परतवत राहणाऱ्यांविषयी त्यांना आदर होता, पण प्रेम नव्हते. पाळ्यांची नोकरी करणारा आणि आयुष्यात एकही धोका न पत्करलेला माणूस असे का म्हणतो, हे मला तेव्हा सुचणे शक्य नव्हते.

त्या वर्षी उपान्त्य फेरीत नोव्होत्नाने नवरातिलोव्हाला ६-४, ६-४ असे हरवले तेव्हा दुकानदार काकांचा आणि बाबांचा थोडासा बेबनाव झाला. अंतिम सामना स्टेफी ग्राफशी. शनिवारची संध्याकाळ होती आणि पाऊस कोसळत होता. पहिला सेट टायब्रेकरवर गेला, दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा घेतला आणि तिसऱ्यात ती ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिचीच. वृत्तपत्री मराठीत ज्याला 'बिनतोड सर्व्हिस' म्हणतात तशी एखादी पडावी म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसले होते. तेवढ्यात वीज गेली.

अंधारात मी ओरडले, "जिंकलीच!" बाबाही म्हणाले, "आता काय राहिलंय." मी जिन्यातून वर-खाली धावत, कोणी विचारले नसतानाही सगळ्यांना सांगून आले. घरातली मेणबत्ती संपली होती म्हणून बाबा छत्री घेऊन बाहेर पडले. बऱ्याच वेळाने मेणबत्त्या आणि फरसाणाची पुडी घेऊन परतले. ते फरसाण आम्ही मेणबत्तीच्या उजेडात खाल्ले. नोव्होत्नाने थाळी कशी उचलली असेल, याची मी आईला नक्कल करून दाखवली. असा निखळ आनंद मला नंतर परीक्षांच्या निकालांनीही दिला नाही.

सकाळी वर्तमानपत्रात छायाचित्र होते : केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके टेकवून रडणारी नोव्होत्ना. तिने ४०-३० वर दोन्ही सर्व्हिस चुकवल्या होत्या. ग्राफने तो गेम घेतला आणि त्यानंतर सलग चार. ४-१ चे ४-६ झाले होते.

आता थोडे शास्त्राकडे वळते. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. आपण वाचताना दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे सोडत नाही. या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयानंद निर्माण होतो, असे तिचे सार सांगता येईल. एम.ए.च्या वर्गात मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी माझ्या डोळ्यांपुढे दुष्यंत-शकुंतला न येता आमची अंबरनाथची बैठकीची खोली येते. टीव्हीपुढे बसलेली मी नोव्होत्ना होते आणि नव्हतेही. तिची सर्व्हिस माझ्या खांद्यात दुखत होती, आणि त्याच वेळी उद्या रविवार आहे, गृहपाठ झालेला नाही, हेही मला ठाऊक होते. केळकरांना याहून चांगले उदाहरण मिळाले नसते, असे मला उगाचच वाटत आले आहे.

पण अडचण पुढे आहे. नाटकातल्या दुःखाने आपल्याला आनंद का होतो, यावर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. जे घडलेच नाही त्याचा आनंद मात्र कोणत्या खात्यात टाकायचा? एका वर्गात मी हा किस्सा सांगितल्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, तुमची समाधी निर्विकल्प झाली होती. लाइट गेल्यामुळे." वर्ग हसला, मीही हसले. घरी येताना लोकलमध्ये मात्र जाणवले, की तो चेष्टेत बोलला असला तरी त्याने नेमके बोट ठेवले होते. वीज गेली आणि समोरचा खेळ नाहीसा झाला. उरली होते ती मीच. ज्या नोव्होत्नाला मी थाळी दिली ती माझी होती. विम्बल्डनवरच्या हाडामांसाच्या बाईशी तिचा संबंध तुटला होता.

हे वाटते तितके निरुपद्रवी नाही. त्याच वर्षी ३० एप्रिलला हँबर्गमध्ये सामना चालू असताना, गेम्सच्या मधल्या विश्रांतीत, एका माणसाने प्रेक्षकांतून पुढे येऊन मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. सेलेस तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि जगात पहिल्या क्रमांकावर होती. हल्लेखोर ग्राफचा चाहता होता. ग्राफ पुन्हा पहिल्या क्रमांकावर यावी, एवढीच त्याची इच्छा होती. आणि ती जूनमध्ये आलीही. सेलेस स्पर्धात्मक टेनिसमध्ये परतली ती १९९५ च्या ऑगस्टमध्ये. ग्राफचा यात काय दोष? त्या माणसाला ग्राफचे टेनिस हवे होते असे मला वाटत नाही. त्याला त्याच्या मनातली ग्राफ हवी होती, आणि तिच्या आड येणारी एक खरी मुलगी त्याला चालत नव्हती. अंधारात फरसाण खाणारी मुलगी आणि तो माणूस यांच्यात अंतर प्रचंड आहे. पण ते एकाच रस्त्यावरचे अंतर आहे की नाही, हे मी अजून ठामपणे सांगू शकत नाही. विद्यार्थी फॅनला 'पंखा' म्हणत तो काळ बरा होता. आता ते 'भक्त' म्हणतात. रसिक हा शब्द कोणी वापरत नाही.

काही वर्षांपूर्वी तो सामना मला संगणकावर पूर्ण सापडला. चार-एकच्या पुढचे टेनिस मी आयुष्यात प्रथमच पाहिले. नोव्होत्नाची ती चुकलेली दुसरी सर्व्हिस पाहताना पोटात खड्डा पडला, हे खरेच. पण मला अनपेक्षित असे काही दिसले असेल तर ती ग्राफ. इतकी वर्षे माझ्या लेखी ते पाच गेम नोव्होत्नाने घालवले होते. ते कोणीतरी जिंकलेही होते, हे माझ्या गावीच नव्हते. बॅकहँडच्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूला वळसा घालून मारलेला तो फोरहँड, गवतावर बुटका राहणारा तो कापीव बॅकहँड, आणि पॉइंट संपताच पुढच्या सर्व्हिससाठी चालू लागणे. ग्राफच्या बावीस ग्रँडस्लॅम विजेतेपदांपैकी हे एक, आणि मी ते अंधारात घालवले. त्या वेळी वीज गेली नसती तर मी ते पाहिले असते का? बहुधा नाही. डोळ्यांत पाणी असते.

टीव्हीची मध्यस्थी नसताना काय होते, तेही एकदा पाहिले. २०१९ च्या जानेवारीत बदलापूरहून पुण्याला गेले आणि बालेवाडीला महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्याचे तिकीट काढले. केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. दोघांशीही माझे काही देणेघेणे नव्हते. चेंडूचा आवाज इतका कोरडा आणि इतका मोठा असतो, हे पडद्यावर कळलेच नव्हते. कार्लोविच जवळजवळ सात फूट उंचीचा आणि एकोणचाळीस वर्षांचा. सर्व्हिस करून तो पुढे यायचा. अर्ध्या तासात मी त्याच्या बाजूची झाले. का, ते वर सांगितलेच आहे. ७-६, ६-७, ७-६ असा तीन टायब्रेकरचा सामना, आणि शेवटच्यात कार्लोविच हरला. टाळ्या वाजवताना शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला विचारले, "तुमचा हरला का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "माझाही." आम्ही पुष्कळ वेळ उभे राहून अँडरसनसाठी टाळ्या वाजवल्या.

२००८ ची फेडरर-नदाल लढत आपल्या वेळेनुसार रात्री पावणेदोनच्या सुमारास संपली, आणि दुसऱ्या दिवशी बदलापूर लोकलमध्ये दोन मैत्रिणी एकमेकींशी कल्याणपर्यंत बोलल्या नाहीत. ती कथा मोठी आहे, पुन्हा केव्हातरी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला फेडररच्या अखेरच्या सामन्यानंतर तो आणि नदाल शेजारी बसून हात धरून रडले, तेव्हा त्या दोघींनी एकमेकींना तेच छायाचित्र पाठवले.

बाबा २०११ मध्ये गेले. त्यानंतर काही महिन्यांनी जुन्या गोष्टी निघाल्या असताना आई सहज म्हणाली, "त्यांना त्याच रात्री कळलं होतं." मेणबत्त्या घ्यायला गेले त्या दुकानात बॅटरीवरचा रेडिओ होता आणि नऊच्या इंग्रजी बातम्या लागल्या होत्या. निकाल ऐकूनच त्यांनी फरसाण घेतले. "पोरीला सकाळी कळेलच, म्हणाले."

१९९८ चे सांगायचे राहिले. तोपर्यंत नोव्होत्ना आणखी एक अंतिम सामना हरली होती, १९९७ चा, हिंगिसविरुद्ध. ४ जुलै १९९८ ला समोर नाताली तोझिया. मी कॉलेजात होते आणि असल्या गोष्टींत जीव गुंतवायचा नाही असे ठरवून बसले होते. पहिला सेट ६-४. दुसरा टायब्रेकरला गेला तेव्हा बाबा काही न बोलता उठले, स्वयंपाकघरात गेले आणि एक मेणबत्ती व काडेपेटी घेऊन आले. काडेपेटी विमकोची, आमच्याच गावच्या कारखान्यातली. दोन्ही वस्तू त्यांनी टीव्हीवर ठेवल्या आणि पुन्हा खुर्चीत बसले. बाहेर पाऊस होताच. टायब्रेकर नोव्होत्नाने ७-२ असा जिंकला. वीज गेली नाही.