मामा, अपडेट दाबू का?

भाच्याने सेकंडहँड आयपॅड एअर २ घेतला. विकणाऱ्याने तो जेलब्रेक करून दिला, म्हणजे ॲपलची कुलपं उघडून बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येईल असा, आणि ही जादाची सोय आहे असंही सांगितलं. तेव्हापासून मला फोन सुरू आहेत. "मामा, सेटिंग्जवर लाल गोळ्यात १ आलाय. दाबू का?" सध्या माझं उत्तर एकच: नको. पण नुसतं 'नको' म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे, म्हणून ही टिपणं.

०

नवख्याला 'अपडेट' म्हणजे एकच गोष्ट वाटते. जेलब्रेक केलेल्या टॅबवर ती तीन ठिकाणी असते. ॲप स्टोअरमधली ॲपं खुशाल अपडेट करावीत. सिलिओ या जेलब्रेकच्या पॅकेज-दुकानातली पॅकेजं, म्हणजे सिस्टीममध्ये बदल करणारी ट्वीकं वगैरे, वर्णन वाचून आणि एकेक करून. आयपॅडओएस मात्र सेटिंग्जमधून थेट कधीच नाही. सिस्टीमच्या फायलींना हात लागलेला असताना वायफायवरून अपडेट ओढलं, की सफरचंदाचा लोगो येतो, जातो, पुन्हा येतो. जुन्या आवृत्त्यांवर तर हे हमखास. क्रम असा: संगणकावर बॅकअप, मग जेलब्रेक काढणं, मग केबल लावून फाइंडर किंवा आयट्यून्समधून अपडेट, आणि हवा असेल तर पुन्हा जेलब्रेक.

बॅकअप घेताना एन्क्रिप्टची खूण करावी. नाहीतर साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत आणि मग मामाला आणखी एक फोन.

०

"जेलब्रेक आहे ना, मग अपडेट कधीच करायचं नाही," हा सल्ला भाच्याला कुणीतरी दिला होता. सल्ला खोटा नाही, अर्धवट आहे.

तो आला कुठून? सिस्टीम टाकताना प्रत्येक उपकरणाला ॲपलच्या सर्व्हरकडून त्या आवृत्तीसाठी सही घ्यावी लागते. नवी आवृत्ती आली की थोड्याच दिवसांत जुनीची सही बंद होते, आणि परतीची वाट बहुधा मिटते. जेलब्रेक ज्या भोकातून आत शिरतो ते नव्या आवृत्तीत बुजवलेलं असलं, तर अपडेट दाबणारा कायमचा बाहेर. त्या धास्तीतून हा नियम आला आणि बऱ्याच उपकरणांना तो आजही लागू आहे.

पण सप्टेंबर २०१९ मध्ये 'चेकमेट' नावाचं भोक प्रसिद्ध झालं. इंग्रजीत त्याच्या शेवटी ८चा आकडा घालतात, हा जेलब्रेकवाल्या मंडळींचा नेहमीचा चावटपणा. हे भोक बूटरॉममध्ये आहे. बूटरॉम म्हणजे चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, फक्त वाचता येणारा कोड. कुठल्याही अपडेटने तो बदलत नाही. ए५पासून ए११पर्यंतच्या चिप या तडाख्यात सापडल्या. एअर २मध्ये ए८एक्स आहे. म्हणजे या टॅबवर आयपॅडओएस १५च्या मालिकेतलं सुरक्षा-अपडेट घेतलं तरी याच भोकावर चालणाऱ्या पालेराइन या साधनाने पुन्हा जेलब्रेक करता येतो. मग दुरुस्त्या न घेता जुन्या आवृत्तीवर बसून राहण्यात शहाणपण कसलं? ए१२ किंवा त्यापुढची चिप असेल तर मात्र तो जुना सल्ला शब्दशः पाळावा.

म्हणून मदतीला बसताना माझा पहिला प्रश्न: मॉडेल कोणतं, आवृत्ती कोणती? "आयपॅड आहे, पांढरा" हे उत्तर चालत नाही.

०

रविवारी फोन: "सिलिओ उघडतच नाही. सगळं गेलं!" काही गेलेलं नव्हतं. रात्री बॅटरी शून्यावर गेली, टॅब बंद पडला, चार्जिंगला लावल्यावर नव्याने सुरू झाला. हा जेलब्रेक अर्धबांधील जातीचा. टॅब सुरू व्हायला संगणक लागत नाही, पण जेलब्रेक पुन्हा जिवंत करायला लागतो. आणि तोही मॅक किंवा लिनक्स. विंडोजवर पालेराइन थेट चालत नाही. बहुतेक घरांत असतो विंडोजचाच लॅपटॉप, म्हणून पालेनिक्स नावाचं छोटं लिनक्स पेनड्राइव्हवर टाकून दिलं. विकणाऱ्याने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. जादाची सोय ती हीच!

०

डीएफयू मोड, म्हणजे पालेराइन चालवताना टॅब ज्या अवस्थेत न्यावा लागतो ती. इथे नवख्याची बोटं अडखळतात. संगणकाच्या पडद्यावर आकडे उलटे मोजले जातात. वरचं पॉवर बटण आणि होम बटण एकत्र दाबायचं, सांगितल्या क्षणी पॉवर सोडायचं, होम धरूनच ठेवायचं. जमलं की टॅबचा पडदा काळाच राहतो, आणि काळा पडदा बघून भाचा घाबरतो. लोगो उमटला तर पॉवर उशिरा सुटलं. केबलचं चित्र दिसलं तर तो रिकव्हरी मोड, डीएफयू नव्हे. दोन्ही वेळा काही बिघडत नाही, पुन्हा करायचं. केबल शक्यतो यूएसबी-एची घ्यावी, सी-टू-लाइटनिंगने इथे विनाकारण छळ होतो.

बटणं त्यालाच दाबायला लावली. मी हात मागे बांधून बसलो. सोपं नव्हतं.

०

ट्वीक एका वेळी एकच टाकायचं, एक दिवस वापरायचं, मग दुसरं. नावं कागदावर. दहा एकदम टाकून पडदा गोठला तर दोषी कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. रूटलेस, म्हणजे सिस्टीमच्या मुळाला हात न लावणाऱ्या, जेलब्रेकवर जुन्या पद्धतीची ट्वीकं चालत नाहीत, ती नव्याने बांधलेली लागतात. हे पॅकेजच्या वर्णनात लिहिलेलं असतं. वर्णन वाचायचं असतं.

०

२००९च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या काही जेलब्रेक केलेल्या आयफोनांवर अचानक रिक ॲस्टली या गायकाचा फोटो वॉलपेपर म्हणून झळकला. किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, शिरला होता एसएसएचमधून, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या दारातून, कारण सगळ्यांचा रूट पासवर्ड कारखान्यातलाच होता: 'अल्पाइन'. पहिली थट्टा होती. त्याच महिन्यात आलेला पुढचा किडा नेदरलँड्समधल्या बँकग्राहकांच्या मागे लागला. २०१५ मध्ये कीरेडर नावाच्या मालवेअरने सव्वादोन लाख ॲपल खात्यांची माहिती चोरली. तो पसरला सिडिया या जुन्या पॅकेज-दुकानाच्या रेपोंमधून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यांमधून. म्हणून पासवर्ड स्वतःचा, रेपो मोजके, आणि पैशाचं ॲप फुकट देणारा रेपो तर मुळीच नको.

बँकेची ॲपं या टॅबवर उघडत नाहीत म्हणून भाचा कुरकुरला. त्यांना चकवणारं ट्वीक मिळतं, हेही त्याला ठाऊक होतं. मी नाही टाकून दिलं. बँक फोनवर बघ.

०

उलटं उदाहरणही नोंदवायला हवं. जुलै २०११ मध्ये जेलब्रेकमी ३.० आलं. सफारीत एक पान उघडायचं, बटण दाबायचं, आयपॅड २ मोकळा. भोक पीडीएफ दाखवणाऱ्या कोडमध्ये होतं. तो जेलब्रेक बनवणाऱ्याने ते भोक बुजवायचं पॅकेजही सिडियावर ठेवलं. ॲपलची दुरुस्ती येईपर्यंतचे काही दिवस, जेलब्रेक करून ते पॅकेज टाकलेलेच या भोकापासून सुरक्षित होते. 'जेलब्रेक म्हणजे असुरक्षित' असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

०

शेजारच्या काकूंचा आयपॅड २. ९.३.५वर थांबलेला. "नेट चालतंय, पण निम्म्या साइट उघडत नाहीत. तुमच्या भाच्यासारखं काहीतरी करून द्या." गरज नव्हती. ३० सप्टेंबर २०२१ रोजी साइटची ओळख पटवणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, आणि आयओएस १०च्या आधीच्या उपकरणांना नवं ओळखता येईना. ते हाताने बसवलं की अशा बऱ्याच साइट उघडतात. जेलब्रेक नको, काही नको. काकूंना थोडा विरसच झाला.

०

आता कायद्याचं. अमेरिकेत जेलब्रेकला कॉपीराइट कायद्यातून सूट मिळाली ती २०१० मध्ये, फोनपुरती. २०१२ मध्ये टॅबलेटला नाकारली, कारण 'टॅबलेट' म्हणजे नक्की काय हेच ठरेना. मिळाली २०१५ मध्ये.

०

सेकंडहँड घेणाऱ्यांना दोन गोष्टी. आधीच्या मालकाचं ॲपल खातं टॅबवर असेल तर पैसे देण्याआधी, दुकानातच, ते काढून घ्या. जेलब्रेकने ॲक्टिव्हेशन लॉक सुटत नाही. आणि जेलब्रेक करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका. पालेराइन आणि चेकमेटवरच चालणारं त्याआधीचं चेकराइन, दोन्ही फुकट आहेत.