ड्रेसिंग वेगळं द्या

सॅलड म्हटलं की नुसत्या शब्दानेच माणूस निम्मा बारीक झाल्यासारखा वाटतो, नाही? आमच्या घरी तरी तसंच आहे. बाहेर काय खाल्लंस असं ह्यांनी विचारलं आणि मी "सॅलड" म्हटलं, की हे "वा, वा!" म्हणून मोकळे. पण मंडळी, त्या पाल्याखाली आणि मुख्य म्हणजे पाल्यावर काय काय असतं ते 2025 साली लेकीकडे न्यू जर्सीला चार महिने होते तेव्हा नीट बघून आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कारण सांगते. माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात. पुण्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, आठ किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. शरीराचं एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो म्हणे. आठ चोक बत्तीस! म्हणजे प्रत्येक पावलाला मी पाचवीतलं एक पोर पाठीवर घेऊन चालते आहे. लेक म्हणते, "आई, घर विका आणि लिफ्टवालं बघा." मला त्या घरातून हलायचं नाही. तेव्हा पोराला उतरवणं भाग होतं.

तिकडे शनिवार-रविवार गाडीतच जातात. लांब रस्त्यावर भूक लागली की समोर फास्ट फूडच. मॅकडोनाल्ड्सने 2020 मध्येच अमेरिकेतल्या मेनूतून सॅलड काढून टाकलं, त्यामुळे तिथे नातवाची मजा आणि माझी कॉफी. इतर ठिकाणी सॅलड मिळतं. सीझर सॅलड नावाने मोठं राजेशाही, पण आम्हा शाकाहाऱ्यांनी जरा जपून! त्याच्या ड्रेसिंगमध्ये बहुधा अँकोव्ही नावाची छोटी मासळी असते. शिवाय चीज आणि तळलेले पावाचे तुकडे. हिरवं पान आपलं नावापुरतं.

एक गोष्ट मात्र त्या देशाची मला फार आवडली. ज्या कंपनीची वीस किंवा जास्त दुकानं आहेत तिला पदार्थासमोर कॅलरी लिहाव्याच लागतात. मे 2018 पासून हा नियम लागू आहे. गणिताचा तास मी कधी घेतला नाही, मराठीचाच घेतला, पण त्या फलकासमोर उभी राहिले की बेरीज करायचा मोह व्हायचा.

चिपोटलेचंच बघा. तिथे काचेपलीकडची मुलगी एकेक पदार्थ विचारत वाढते. हिरवा पाला 15 कॅलरी, काळा राजमा 130, परतलेली ढोबळी मिरची-कांदा 20, टोमॅटोचा साल्सा 25. झाले 190. आणि वरून ओतायचं ते ड्रेसिंग? एकट्याचे 220! सगळ्या जेवणापेक्षा वरचं पाणी जड. त्यातलं मीठही 850 मिलिग्रॅम सोडियमइतकं, आणि दिवसाची मर्यादा 2300. बीपीवाल्यांनी हे आधी बघावं. चीज 110, सावर क्रीम 110, ग्वाकामोले 230. सगळं घेतलंत तर 860. शाकाहारी मंडळींना ग्वाकामोलेचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि फुकट म्हटल्यावर आपलं मन... असो. मी ते ठेवलं, कारण त्याने पोट भरतं. क्रीम, चीज, ड्रेसिंग नको. साल्सा मात्र दोनदा मागायचा. राजमा सोडायचा नाही. नुसता पाला खाल्ला तर दोन तासांत नातवाच्या फ्राइजकडे हात जातो.

यात नवीन काय, असं कोणी म्हणेल. आपल्या कोशिंबिरीतही फोडणी असतेच की. असते, पण चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे 40 कॅलरी. दाण्याचं कूट आपण मुठीने घालतो त्याचं मात्र मला काही बोलायला जागा नाही!

खरी अडचण हिशेबाची नव्हती. ती मुलगी दर पदार्थाला "हे हवं? ते हवं?" विचारायची आणि मला काही सुचायचं नाही. आयुष्यभर सकाळी शाळा गाठायच्या घाईत पातेल्याला लागलेलं, मुलांच्या ताटात उरलेलं हेच माझं जेवण. तुला काय हवं, असं जेवताना कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मागे रांग खोळंबलेली. लेक मदतीला यायची तर तिला म्हटलं, थांब, मला बोलू दे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला "ड्रेसिंग ऑन द साइड" हे माझं वाक्य तिथल्या मुलीला कळायला लागलं.

पण वेगळं मिळालेलं ड्रेसिंग टाकायचं कसं? पानात टाकणं आमच्या पिढीला शिकवलेलं नाही. सुरुवातीला चमच्याचं टोक बुडवून तेवढंच घ्यायची, उरलेली झाकणाची वाटी पर्समधून घरी. लेकीच्या फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात त्या वाट्या ओळीने बसल्या. जावईबापू एकदा दूध काढताना म्हणाले, "आई, आपण दुकान काढू या का?" मग त्यांचा मी मोडाच्या मुगांवर घालून सगळ्यांत वाटून निकाल लावला. माझ्या वाट्याला दोन चमचे.

परतले तेव्हा काटा साडेपाच किलो खाली होता. राहिलेल्या अडीचपैकी एक पुण्याच्या काकड्यांनी उतरवलं आहे. दीड अजून बाकी आहे आणि डॉक्टरांकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे.